कम्युनिटी कॉलेजात दोन सत्रे : नऊ महिन्यांनंतरचा अनुभव

गेल्या ऑगस्टपासून मे अखेरपर्यंत, म्हणजे दोन पूर्ण सत्रे, मी कॅलिफोर्नियात बे एरियातील (सॅन फ्रान्सिस्कोच्या आसपासचा भाग) आमच्या घराजवळच्या सार्वजनिक कम्युनिटी कॉलेजात, म्हणजे मुख्यतः बारावीनंतरच्या पहिल्या दोन वर्षांचे शिक्षण देणाऱ्या कॉलेजात, शिकले. महाराष्ट्रात बी.कॉम. करून, काही वर्षे सीएच्या कचेरीत काम करून आणि मग एच-४ व्हिसावर (एच-१बीवर नोकरी करणाऱ्याच्या जोडीदाराला मिळणारा व्हिसा) इथे आलेल्या बऱ्याच जणी मला या कॉलेजांविषयी विचारतात, म्हणून सविस्तर लिहीत आहे. काही तक्रारीही मांडायच्या असल्याने कॉलेजचे नाव देत नाही. राज्यातील अशा ११६ कॉलेजांचे मुख्य नियम सारखेच आहेत.

ही कॉलेजे आसपासच्या भागासाठी असतात, आणि हे नुसते म्हणण्यापुरते नाही. प्रत्येक कॉलेज-जिल्ह्याचे (एक किंवा अधिक कॉलेजे चालवणाऱ्या विभागाचे) विश्वस्त मंडळ तिथले मतदार निवडून देतात, खर्चाचा मोठा भाग राज्याच्या निधीतून आणि स्थानिक मालमत्ता करातून येतो, आणि अठरा वर्षांवरील कोणालाही, आधीचे गुण न पाहता, प्रवेश मिळतो. १९६०च्या राज्य आराखड्याने उच्च शिक्षणाची जी त्रिस्तरीय रचना ठरवली, तिच्यात हा सर्वांना खुला असलेला स्तर आहे. १९८४ पर्यंत इथे शुल्कच नव्हते. आज राज्याच्या रहिवाशाला एका युनिटला, म्हणजे एका श्रेयांकाला, ४६ डॉलर पडतात आणि २०१२ पासून हा आकडा बदललेला नाही. माझा चार युनिटांचा फायनान्शियल अकाउंटिंगचा वर्ग १८४ डॉलरचा झाला. आरोग्य सेवा आणि इतर किरकोळ शुल्क वेगळे. प्राध्यापकांनी मोफत ऑनलाइन पाठ्यपुस्तक लावले होते, त्यामुळे पुस्तकाचा खर्च वाचला.

मात्र ‘रहिवासी’ या शब्दापाशी माझी पहिली अडचण झाली. एच-४ व्हिसावर शिकता येते, आणि सत्र सुरू होण्यापूर्वी राज्यात एक वर्ष आणि एक दिवस राहिल्याचे व इथेच राहण्याच्या इराद्याचे पुरावे दिले, तर रहिवाशाचे शुल्क लागू होते. मला मात्र व्हिसा पाहून थेट अनिवासी ठरवले गेले. ते शुल्क कित्येक पटींनी जास्त असते. घराचा भाडेकरार, वाहन परवाना आणि राज्याच्या करविवरणपत्राची प्रत देऊनही निर्णय फिरायला तीन आठवडे गेले. त्यातच एका समुपदेशकाने भारतीय गुणपत्रिकांचे मूल्यांकन बाहेरच्या संस्थेकडून आधी करून घ्यायला सांगितले. मी ते पदरच्या पैशाने करून घेतले आणि नंतर कळले की एखाद-दुसरा विषय शिकणाऱ्याला त्याची गरजच नव्हती. म्हणून कोणत्याही सल्ल्याची खातरजमा प्रवेश विभागाकडून लेखी करून घ्यावी, असे मी आग्रहाने सांगेन.

नोंदणीही वेळेवर करावी लागते. नव्या विद्यार्थ्याची पाळी उशिरा येते आणि संध्याकाळचे वर्ग भरलेले असतात. आर्थिक मदत लाटण्यासाठी खोट्या ओळखींवर ऑनलाइन वर्गांत नावे घालण्याचे प्रकार गेली काही वर्षे राज्यभर घडत आहेत, आणि त्यामुळे खऱ्या विद्यार्थ्यांच्या जागा अडतात. मी प्रतीक्षायादीत सातवी होते. पहिल्या दिवशी वर्गात जाऊन बसले, न आलेल्यांची नावे प्राध्यापकांनी काढली, आणि मला जागा मिळाली. यादीत नाव असेल तर घरी वाट पाहू नये. पहिल्या तासाला हजर राहावे.

शिकवण्याबद्दल मला मनापासून चांगले लिहायचे आहे. नावे-जमा मला पाठ होते, तरी इथली मांडणी नव्याने अंगवळणी पाडून घ्यावी लागली. आपल्या ताळेबंदात दीर्घकालीन मालमत्ता आधी येते, इथे रोख रकमेपासून सुरुवात होते. मालसाठ्याच्या मूल्यमापनाची ‘लिफो’ पद्धत (शेवटी आलेला माल आधी विकला गेला असे धरणारी) आपल्या लेखा मानकांना मान्य नाही, इथे ती चालते. हा फरक मी वर्गात सांगितला, तेव्हा प्राध्यापकांनी पुढच्या तासाला एकाच दुकानाचा नफा दोन्ही पद्धतींनी फळ्यावर काढून दाखवला आणि भाव चढते असताना ‘लिफो’मुळे कर कसा कमी बसतो, ते आकड्यांनिशी समजावले. माझ्या शेजारी रात्रपाळी करून आलेला गोदामातला कामगार होता, पुढे दोन शाळकरी मुली, मागे सत्तरीच्या आजी. ऑनलाइन घेतलेला दुसरा विषय मात्र निराशेचा ठरला. ध्वनिचित्रफिती जुन्या होत्या आणि प्रश्नाला उत्तर यायला आठवडा लागायचा. कोणाला शक्य असेल तर वर्गातला पर्यायच घ्यावा.

दुसऱ्या सत्रात प्राप्तिकराचा विषय घेतला आणि त्यासोबत कॉलेजातल्या मोफत करसाहाय्य केंद्रात काम केले. ही केंद्रे केंद्रीय महसूल खात्याच्या योजनेखाली चालतात. स्वयंसेवकाला खात्याची परीक्षा उत्तीर्ण व्हावी लागते आणि प्रत्येक विवरणपत्र दुसऱ्या व्यक्तीने तपासल्याशिवाय पाठवले जात नाही. मार्चमधल्या एका शनिवारी घरोघरी साफसफाई करणाऱ्या एक बाई आल्या. त्यांच्याकडे एका नोकरीचा पगाराचा दाखला होता आणि स्वतंत्र कामाच्या पैशांची नोंद होती, पण खर्चाचा हिशेब नाही, असे त्या म्हणाल्या. बोलता बोलता त्यांनी पिशवीतून स्वयंपाकघरात टांगायच्या दिनदर्शिकेची बारा पाने काढली. रोजच्या चौकोनात कोणत्या घरून कोणत्या घरी किती मैल गाडी चालवली, ते पेन्सिलीने लिहिलेले होते. एका घरून दुसऱ्या घरी जाण्याचे मैल खर्चात धरता येतात हे त्यांना ठाऊक नव्हते. गाडीचे तेल कधी बदलायचे हे समजावे म्हणून त्या ते लिहीत असत. आम्ही दोघींनी महिन्यामागून महिना बेरीज केली, आणि मी शिकलेले कलम पहिल्यांदाच कोणाच्या तरी घरखर्चाला उपयोगी पडले. अशी केंद्रे चालवणाऱ्या प्रत्येक कॉलेजबद्दल मला तेव्हापासून फार आदर वाटतो.

पदवी हवी असणाऱ्यांसाठी एक व्यावहारिक सूचना. दोन वर्षे इथे शिकून राज्याच्या विद्यापीठांत तिसऱ्या वर्षात जाता येते, पण कोणता विषय कुठे धरला जातो हे ‘असिस्ट’ या राज्याच्या संकेतस्थळावर विषयवार पाहूनच सत्राची आखणी करावी. मला पदवी नको होती, कामापुरते ज्ञान हवे होते, आणि ते मिळाले. येत्या सत्रासाठी मी वेतन हिशेबाचा विषय निवडला आहे, तोही संध्याकाळी आणि वर्गात बसून.