पैठणी पाठवताय? आधी पावतीची मागची बाजू वाचा

समजा, पुण्याहून नागपूरला २५,००० रुपयांची पैठणी पाठवायची आहे. पार्सल २ किलोचं, भाडं १५० रुपये. वाटेत गहाळ झालं तर हातात काय पडेल?

साध्या स्पीड पोस्टात भाड्याच्या दुप्पट किंवा १,००० रुपये, यांतलं जे कमी ते. म्हणजे ३००. रेल्वे पार्सलने किंमत जाहीर न करता पाठवलंत तर किलोमागे ५० रुपयांची मर्यादा, म्हणजे फार तर १००. (त्याच नियमांत हत्तीला ६,००० रुपये आहेत, तेव्हा पैठणीने फार मनाला लावून घेऊ नये.) किंमत जाहीर करून टक्केवारी शुल्क (जाहीर किमतीच्या टक्क्यांत घेतलं जाणारं जादा भाडं) भरलं, तरच रेल्वेची जबाबदारी वाढते.

खासगी कुरिअरमध्ये खरी गफलत होते. पावतीवर ‘मालाची किंमत २५,०००’ लिहिलं की माणूस निर्धास्त होतो. पण नुसता तो आकडा म्हणजे विमा नव्हे. पावतीवर ‘ओनर्स रिस्क’ आहे की ‘कॅरिअर्स रिस्क’, ते बघा. कॅरिअर्स रिस्क म्हणजे जबाबदारी वाहतूकदाराची; ओनर्स रिस्क म्हणजे नुकसान बहुतांशी तुमच्याच माथी. मागच्या बारीक अक्षरांत ठरलेली किरकोळ रक्कम मिळते. आणि ती अक्षरं कोर्टात टिकू शकतात. तिरुपूरच्या भारती निटिंग कंपनीचं डीएचएल कुरिअरने पाठवलेलं पाकीट जर्मनीत पोचलंच नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९९६ साली सही केलेल्या पावतीवरची १०० डॉलरची मर्यादाच मान्य केली. सही नसलेल्या, न समजावलेल्या अटी ग्राहक आयोगांनी काही वेळा झिडकारल्यात, पण त्या भरवशावर पैठणी कोण पाठवेल?

एकदाच काही मौल्यवान पाठवायचं असेल तर माझं मत सरळ टपालाच्या विमा पार्सलला. १ लाखापर्यंत विमा उतरवता येतो. खरी किंमतच लिहा. फुगवून लिहिली तरी भरपाई प्रत्यक्ष नुकसानीपुरतीच. कुरिअरच हवं असेल तर जादा पैसे भरून कॅरिअर्स रिस्क घ्या आणि तसं पावतीवर उमटलंय ना, हे काउंटरवरच पाहा.

दर आठवड्याला साड्या पाठवणाऱ्यांनी मात्र विमा कंपनीकडून स्वतःची ट्रान्झिट पॉलिसी, म्हणजे वाटेतल्या मालाचा विमा, काढावी. तिथेही स्वस्ताच्या मागे लागू नका. तिच्यात ‘अ’, ‘ब’, ‘क’ अशी संरक्षणाची कलमं असतात. ‘क’ कलमात आग आणि वीज पडणं एवढंच; ‘ब’मध्ये टक्कर, गाडी उलटणं येतं, पण चोरी नाही. साडीला धोका चोरीचाच, म्हणून चोरीही धरणारं ‘अ’ घ्या. पॅकिंग कच्चं असेल तर त्यातूनही काही मिळत नाही.

खोकं फाटलेलं आलं तर डिलिव्हरी शीटवर तसा शेरा मारूनच सही करा, फोटो काढा आणि लेखी दावा लगेच द्या. रेल्वेसाठी सहा महिने आणि रस्ता वाहतूकदारासाठी बुकिंगपासून १८० दिवस मिळतात. कुरिअरच्या पावतीवर मुदत याहून बरीच कमी असू शकते.