कॉमा, कंस की डॅश? इंग्रजी अर्जात जुनं नाव कसं बसवायचं

धाराशिवच्या पोराला बंगळुरूच्या कंपनीकडे इंग्रजीत अर्ज करायचा असला की पहिल्याच वाक्यात पंचाईत होते. २०२३ पासून जिल्हा धाराशिव, पण टीसीवर आणि दहावीच्या प्रमाणपत्रावर उस्मानाबाद. छत्रपती संभाजीनगरवाल्यांचंही तेच. दोन्ही नावं एकाच गावाची, हे तिकडच्या माणसाला सांगावंच लागतं. ही जादा माहिती वाक्यात घालायचे तीन मार्ग आहेत:

आय ग्र्यू अप इन धाराशिव, फॉर्मर्ली उस्मानाबाद, अँड स्टडीड इन लातूर.
आय ग्र्यू अप इन धाराशिव (उस्मानाबाद) अँड स्टडीड इन लातूर.
आय ग्र्यू अप इन धाराशिव – फॉर्मर्ली उस्मानाबाद – अँड स्टडीड इन लातूर.

व्याकरणाच्या दृष्टीनं तिन्ही बरोबर. पण तिसरं वाचताना उमेदवाराला नामांतरावर काही मत मांडायचंय की काय, असं वाटतं. डॅश माहितीवर बोट ठेवतो, कंस तिचा आवाज खाली आणतो, कॉमा वाक्याच्या ओघात सांगून पुढे जातो. म्हणून अर्जाच्या पत्रात मी कॉमाच घेईन आणि बायोडेटातल्या पत्त्यात कंस.

कॉमा सगळ्यात सोपा वाटतो, आणि घोळ सगळ्यात जास्त तिथेच होतो. एक तर तो जोडीनं येतो. 'धाराशिव'नंतरचा कॉमा सगळे देतात, 'उस्मानाबाद'नंतरचा विसरतात. दुसरा घोळ अर्थाचा. 'माय ब्रदर हू लिव्ज इन लातूर इज अ टीचर' याचा अर्थ भाऊ एकाहून जास्त आहेत आणि त्यांतला लातूरचा शिक्षक आहे. 'माय ब्रदर, हू लिव्ज इन लातूर, इज अ टीचर' म्हटलं तर भाऊ एकच, लातूरचा उल्लेख जाता जाता. मराठीत आपण दोन्ही वेळा 'लातूरला राहणारा माझा भाऊ' म्हणून मोकळे होतो; भाऊ किती, ते ऐकणाऱ्याला माहीत असतं. त्यामुळे हा फरक मराठी माध्यमाच्या पोरांना कानानं कळत नाही, तपासूनच बघावा लागतो: मधला तुकडा काढून टाका. कोणाबद्दल बोलतोय हे तरीही कळत असेल तर कॉमा द्या. कळत नसेल तर देऊ नका. 'द १९९३ किल्लारी अर्थक्वेक, विच स्ट्रक बिफोर डॉन' इथे कॉमा हवाच, कारण १९९३चा किल्लारीचा भूकंप म्हटल्यावर दुसरा कुठला घेणार?

क्रियापदही मधल्या तुकड्याकडे बघत नाही. 'द सरपंच, अलाँग विथ टू मेंबर्स, वॉज प्रेझेंट.' इथे 'वेअर' चुकीचं. ग्रामपंचायतीच्या इंग्रजी पत्रांत मात्र 'वेअर'च सापडतं.

कंसाबद्दल फार सांगण्यासारखं नाही. सालं, संक्षेप, जुनी नावं यांना तो उत्तम: 'मराठवाडा लिबरेशन डे (१७ सप्टेंबर)'. कॉमा लागलाच तर कंस संपल्यावर द्यायचा, कंसाच्या आधी कधीच नाही. आणि वाचलंच पाहिजे असं काही कंसात टाकू नका. नोकरीचा अनुभव कंसात घातला तर तो वाचायची गरज नाही, असं तुम्हीच सांगितल्यासारखं होतं.

डॅशची खरी गरज पडते ती मधल्या तुकड्यातच कॉमा असले की. 'थ्री तालुकाज, पैठण, वैजापूर अँड गंगापूर, आर कव्हर्ड' यात यादी कुठे संपली, हे पटकन लक्षात येत नाही. 'थ्री तालुकाज – पैठण, वैजापूर अँड गंगापूर – आर कव्हर्ड' लिहिलं की गुंता सुटतो. एरवी एका पानावर डॅशची एक जोडी पुरे. हल्ली प्रत्येक वाक्यात डॅश मारायची टूम आहे, ती मला रुचत नाही.

अमेरिकन पद्धतीत लांब डॅश दोन्हीकडच्या शब्दांना चिकटून येतो. ब्रिटिश छपाईत बहुधा आखूड डॅश, दोन्ही बाजूंना जागा सोडून. कोणतीही एक घ्या आणि अर्जभर तीच ठेवा. हायफन मात्र दोन्हीकडे चालत नाही. वर्डमध्ये शब्दाला जोडून लागोपाठ दोन हायफन टाकले आणि पुढचा शब्द लिहून स्पेस दिली की लांब डॅश होतो. मोबाइलवर हायफनची कळ दाबून धरली की दोन्ही डॅश समोर येतात.