सॅटच्या व्याकरणासाठी ब्लूबुक: फुकट आहे, पण पुरेसं आहे का?

सॅट या अमेरिकी कॉलेजप्रवेशाच्या परीक्षेतल्या वाक्यदुरुस्तीच्या प्रश्नांसाठी क्लासची फी भरण्याआधी, ती परीक्षा घेणाऱ्या कॉलेज बोर्डाचं ब्लूबुक ॲप उतरवून घ्या. परीक्षा याच ॲपवर होते, त्यामुळे सराव परीक्षेतही घड्याळ, पर्याय खोडण्याची सोय, सगळं तेच. मात्र ते मोबाइलवर चालत नाही. लॅपटॉप किंवा आयपॅड लागतोच.

इंग्रजीच्या ‘रीडिंग अँड रायटिंग’ विभागाचे दोन मॉड्यूल, म्हणजे भाग, प्रत्येकी २७ प्रश्न आणि ३२ मिनिटं. एकूण ५४ पैकी ११ ते १५ प्रश्न व्याकरणाचे. ते मॉड्यूलच्या उत्तरार्धात एकगठ्ठा येतात, सोप्याकडून अवघडाकडे. मॉड्यूलमध्ये मागेपुढे जाता येतं, म्हणून उताऱ्यांत वेळ खाणाऱ्यांनी आधी हे उरकावेत.

ॲपची खरी उणीव स्पष्टीकरणांत आहे. प्रत्येक पर्याय का चुकला ते लिहिलेलं असतं, पण नियम मुळापासून कोणी शिकवत नाही. आपली मुलं अडतात ती स्वल्पविरामावर. ‘पाऊस आला, छत्री उघडली’ हे मराठीत बिनतक्रार खपतं. सॅटला दोन पूर्ण वाक्यं नुसत्या स्वल्पविरामाने जोडली की पर्याय बाद. पूर्णविराम, अर्धविराम किंवा स्वल्पविरामासोबत ‘अँड’, ‘बट’सारखा शब्द हवा. शब्द तेच ठेवून एका पर्यायात पूर्णविराम आणि दुसऱ्यात अर्धविराम दिसला, तर दोन्ही सोडा. दोघांचं काम एकच, आणि बरोबर उत्तर दोन असू शकत नाहीत.

सगळ्यात चकवा देतो तो ‘हाऊएव्हर’, म्हणजे ‘मात्र’. ‘त्याच्या आधी अर्धविराम’ एवढंच घोकलेली मुलं इथे हमखास आपटतात. दोन जोडवाक्यांपैकी पहिलंच वाक्य त्याआधीच्या मजकुराला विरोध करत असेल, तर ‘हाऊएव्हर’ त्या पहिल्याच्या शेपटीला लागतं: आधी स्वल्पविराम, नंतर अर्धविराम. म्हणजे विरामचिन्हाचा प्रश्न असूनही अर्थ वाचावा लागतो.

जोडीला बोर्डाची ऑनलाइन प्रश्नपेढी आहे, तीही फुकट. तिथे ‘बाउंडरीज’ (वाक्यं कुठे तोडायची-जोडायची, हा प्रकार) निवडून काठिण्यपातळी ‘हार्ड’ ठेवा आणि पीडीएफ काढा. सराव परीक्षांत वापरलेले प्रश्न वगळायची खूण करायला विसरू नका. नाहीतर तेच प्रश्न पुन्हा भेटतात आणि सराव परीक्षेचे गुण फुगतात. नियमच कच्चे असतील तर आधी खान अकॅडमी या शिकवणीच्या साइटवरचे धडे, मग पेढी, आणि ब्लूबुकच्या पूर्ण परीक्षा शेवटच्या महिन्यासाठी राखून ठेवा, कारण त्या मोजक्याच आहेत.