पद्मिनी की अॅम्बेसेडर?

रत्नागिरीतल्या माझ्या भाच्याला जुनी गाडी घ्यायचीय, पण प्रीमियर पद्मिनी की अॅम्बेसेडर हे ठरत नाही. जुन्या मॉडेलांत दोन्हींना गिअरचा दांडा स्टिअरिंगपाशी, पॉवर स्टिअरिंग नाही, चारही चाकांना ड्रम ब्रेक.

फरक आंबा घाटात हातांना कळतो. पद्मिनी हलकी, वळणाला चटकन येते. पण इंजिन १०८९ सीसीचं, चढावर लवकर खालचा गिअर मागते. अॅम्बेसेडरचं १४८९ सीसीचं इंजिन चढ निवांत ओढतं, मात्र गाडी उभी असताना स्टिअरिंग फिरवलं की खांदे भरून येतात. उतारावर कुठल्याही गाडीत फक्त ब्रेकवर विसंबू नका. ड्रम तापले की पाय कितीही दाबा, पकड सुटते. ज्या गिअरात चढलात, त्यातच उतरा.

खड्ड्यांत अॅम्बेसेडर कितीतरी सुखाची, मागच्या सीटवर तर फारच. खाऱ्या वाऱ्याचा गंज दोघींनाही. घेताना पायाखालचा पत्रा ठोकून बघाच.

म्हाताऱ्या आईवडिलांना घेऊन गणपतीला गावी जायचं तर अॅम्बेसेडर. आरे-वारेच्या वळणांवर स्वतः चालवायची हौस असेल तर पद्मिनी. भाच्याला मी पद्मिनीच सांगितली. त्याच्या वाडीतला रस्ताही अरुंद आहे.