गोल्डफिशला काय घालायचं: तरंगतं, बुडतं, जिवंत की घरचं?

मासे पिशवीत भरून झाले की दुकानदार काउंटरखालून एक छोटी प्लॅस्टिकची पुडी काढतो. आत लाल-हिरवे दाणे, वर ना नाव ना तारीख. "हे घाला, सगळे मासे खातात," म्हणतो, आणि आपण घेतो, कारण शंभराच्या माशांसाठी अडीचशेचा डबा घ्यायला जीवावर येतं.

आधी त्या पुडीचाच निकाल लावते. दाणे वाईटच असतील असं नाही, पण ते कधीचे आहेत हे कुणालाच माहीत नसतं. खाद्यातलं क जीवनसत्त्व हवा, उजेड आणि दमटपणा लागला की उडत जातं आणि तेल खवट होतं. मुंबईच्या पावसाळ्यात तर लवकरच. छोटा का असेना, बंद डबा घ्या. मोठा डबा स्वस्त पडतो म्हणून घेऊ नका; दोन माशांना तो वर्षभर संपत नाही.

आता खरी निवड. ती खाद्याकडे बघून नव्हे, माशाकडे बघून करायची. कॉमेट, शुबनकिन किंवा साधा लांबट गोल्डफिश असेल तर फार डोकं खाजवायला नको, तो जवळपास सगळं पचवतो. ओरांडा, रेडकॅप, रँचू, ब्लॅक मूर असे लाडवासारखे गोल मासे असतील, तर मात्र थांबून विचार करा. माणसाने पिढ्यान्‌पिढ्या निवडून त्यांचं अंग आखूड केलंय, आणि आतडं, वाताशय (पाण्यात तोल सांभाळणारी हवेची पिशवी) सगळं त्या आखूड जागेत कोंबलं गेलंय. त्यात गोल्डफिशला मुळात जठरच नसतं. गिळलेलं सरळ लांब आतड्यात जातं, साठवायची सोय नाही. म्हणून एकदाच भरपूर देण्यापेक्षा दोन-तीनदा चिमूटभर दिलेलं त्याला मानवतं.

तरंगणारे दाणे आणि बुडणारे दाणे

तरंगणाऱ्या दाण्यांची बाजू आधी सांगते, कारण ती खरी आहे. मासा वर येतो, नीट दिसतो, त्याची भूक कळते, आणि उरलेले दाणे जाळीने उचलता येतात. नवशिक्याला याहून सोपं काही नाही. लांबट माशांना हेच द्या, माझी हरकत नाही.

गोल माशाचं चित्र वेगळं. माझ्याकडची ओरांडा पृष्ठभागावर तोंड लावून दाणा ओढायची तेव्हा चुप्‌ चुप्‌ असा आवाज यायचा. दाण्याबरोबर हवाही आत जात होती. मग तासभर ती शेपटी वर करून तरंगायची. मासा कलंडण्याचं कारण दर वेळी हवाच असतं असं नाही. बद्धकोष्ठ, संसर्ग किंवा जन्मतःच वाकडं वाताशय, काहीही असू शकतं. पण बुडणारे दाणे आणल्यावर माझ्या ओरांडाचं तरंगणं थांबलं.

शिवाय गोल्डफिश हा कार्पच्या कुळातला, तळ हुंगत फिरणारा. बुडणारा दाणा टाकून बघा: तो दाणा खड्यांसकट तोंडात घेतो, खडे थुंकतो, दाणा ठेवतो, आणि घशातल्या दातांनी दळतो. जबड्यात त्याला दात नसतातच.

बुडणाऱ्यांची खोट एकच, पण मोठी. उरलेला दाणा खड्यांत शिरून तिथेच कुजतो आणि आपल्याला दिसत नाही. तळात जाड खडे घातले असतील तर आधी ते कमी करा, मग बुडणारे दाणे आणा.

डबा घेताना मागची बारीक अक्षरं वाचा. प्रथिनं 30 ते 40 टक्क्यांच्या मध्ये असली की पुरे, आणि घटकांच्या यादीत पहिलं नाव माशाच्या किंवा कोळंबीच्या भुकटीचं असावं. मका-गहू आधी आला तर डबा परत ठेवा. स्पिरुलिना, म्हणजे वाळवलेलं निळं-हिरवं शेवाळ, असेल तर उत्तम. त्यातल्या झियाझँथिन या पिवळ्या रंगद्रव्यापासून गोल्डफिश स्वतःच्या अंगात नारिंगी-लाल रंग तयार करतो, त्यामुळे "कलर" लिहिलेल्या खाद्याला काही अर्थ असतो. दाणा डोळ्याएवढा किंवा त्याहून लहान हवा.

फ्लेक्स? पिल्लांना चालतील. मोठ्या माशासाठी ते पापुद्रे पाण्यात लगेच मऊ पडतात, जीवनसत्त्वं सुटून जातात आणि निम्मं खाद्य फिल्टरच्या स्पंजला मिळतं.

किडे: जिवंत, गोठवलेले, सुके

मासे यावर तुटून पडतात, म्हणून मालकांना वाटतं हेच खरं अन्न. आपली पोरं वेफर्सवर तुटून पडतात, त्यातलाच प्रकार.

जिवंत ट्युबिफेक्स मी घेत नाही. हे लाल दोऱ्यासारखे किडे सांडपाण्याच्या गाळात वाढतात. तिथले रोगजंतू घेऊन तुमच्या टाकीत येतात. सुक्या ट्युबिफेक्सच्या चौकोनी वड्यांचा धोका कमी, पण त्या कोरड्याच टाकल्या तर पोटात फुगतात. दहा मिनिटं वाटीत भिजवून मगच द्या. गोठवलेले ब्लडवर्म (लाल अळ्या) सगळ्यांत बरे, आठवड्यातून एक-दोनदा. सुक्या ब्लडवर्मची धूळ नाकात गेली की काही माणसांना अ‍ॅलर्जी होते, हातही खाजतात. दम्याचा त्रास असलेल्यांनी तो डबा घरात न आणलेला बरा. डाफ्निया हा पाण्यातला बारीक किडा मिळाला तर जरूर घ्या, त्याच्या टणक कवचामुळे पोट साफ राहतं.

डासांच्या अळ्या हेही माशांचं आवडतं खाणं. पण त्यासाठी गॅलरीत बादली भरून ठेवायचा विचार असेल तर पालिकेचे फवारणीवाले दारात आल्यावर काय सांगणार, तेही ठरवून ठेवा.

घरचा भाजीपाला

गोल्डफिशला थोडं हिरवंही लागतं, आणि ते जवळजवळ फुकट आहे. मटार दोन मिनिटं उकळायचा, साल काढायची, आतली डाळ चिमटीत चुरडून टाकायची. बद्धकोष्ठ झालेल्या माशाला एक दिवस उपाशी ठेवून मग मटार द्यावा. बऱ्याचदा उतार पडतो, पण मासा संसर्गाने कलंडला असेल तर मटाराने काही होणार नाही. पालक उकळत्या पाण्यातून काढलेला, काकडीची बिया काढलेली चकती, दुधी, सगळं चालतं. मीठ-मसाला लागलेलं काही नको. पोळीचा कुस्करा, भात, बिस्किट नकोच. नुसती पिठूळ भर, आणि पाणी गढूळ.

मला स्वतःला आवडतो तो चायनाग्रासचा प्रकार. पालक, मटार आणि दोन-तीन सोललेल्या कोळंब्या वाफवून मिक्सरमधून काढायच्या. कपभर पाण्यात चमचाभर चायनाग्रासची पूड उकळून त्यात मिसळायची, ताटलीत थापायची, वड्या पाडून फ्रीझरमध्ये. चायनाग्रास एकदा बसलं की मे महिन्यातल्या 30 अंशांच्या पाण्यातही विरघळत नाही, त्यामुळे वडी फुटून पाणी घाण करत नाही आणि मासे ती टोचून टोचून खातात. पण यात सगळी जीवनसत्त्वं नसतात. आठवड्यातून दोनदा ठीक, रोजचं जेवण म्हणून दाणेच हवेत.

आणि किती?

इथे सगळ्यांचं चुकतं. मोठ्या माशाला दिवसाला वजनाच्या 1 ते 2 टक्के. 25 ग्रॅमचा मासा असेल तर पाव ते अर्धा ग्रॅम, म्हणजे चिमूट. डिसेंबरात नाशिक-पुण्याकडे टाकीचं पाणी गार पडतं तेव्हा त्याहूनही कमी, कारण पचनच मंदावतं.

जास्त पडलं तर काय होतं, याचा हिशोब सोपा आहे. 35 टक्के प्रथिनांच्या 1 ग्रॅम दाण्यात सुमारे 56 मिलिग्रॅम नायट्रोजन असतो. चहाचा एक चमचा म्हणजे साधारण 3 ग्रॅम दाणे. तेवढे 100 लिटरच्या टाकीत न खाता कुजले, तर लिटरमागे 1.7 मिलिग्रॅमच्या आसपास अमोनिया-नायट्रोजन (माशांना विषारी अमोनियातला नायट्रोजन) तयार होऊ शकतो. पाणी तपासायच्या टेस्ट किटवर हा आकडा शून्य असावा लागतो. महागड्या डब्यातल्या दाण्यांचाही अमोनिया तेवढाच होतो.

हे मी गणपतीत शिकले. सात दिवस गावी जायचं होतं, शेजारच्या काकूंकडे किल्ली आणि डबा दिला. आम्ही परत आलो तेव्हा पाणी ताकासारखं झालं होतं आणि एक ओरांडा गेली होती. काकूंचा दोष नाही. मासे काचेशी येऊन तोंड उघडझाप करतात, बघणाऱ्याला वाटतं भुकेने व्याकूळ झालेत. खरं तर ते पोटभर खाऊनही तसंच करतात. मोठा धडधाकट गोल्डफिश आठवडाभर काही न खाता आरामात राहतो. सुट्टीसाठी मिळणाऱ्या पांढऱ्या वड्यांची मुळीच गरज नसते, उलट त्या पाणी बिघडवतात.

पुढच्या वर्षी बाबांची औषधाची डबी घेतली, वारांचे सात कप्पे असलेली. सोमवार, गुरुवार आणि शनिवार एवढ्याच कप्प्यांत चिमूटभर दाणे घातले, बाकी रिकामे, आणि मोठा डबा कपाटात कुलूपबंद. बुधवारी काकूंचा फोन आला.

"अगं, आजचा कप्पा रिकामाच आहे. विसरलीस वाटतं?"

"नाही काकू, आज त्यांचा उपास आहे."

"हो का?" काकू थोडा वेळ गप्प. "मग साबुदाणा चालतो का त्यांना?"