रॅम ८ ची १६ केली, पण स्लॉट बघितलात का? वापरानंतरचा अनुभव

रॅम वाढवायला निघालेल्या प्रत्येकाला मी आधी एकच विचारेन: रॅमची दुसरी स्टिक मदरबोर्डवरच्या कोणत्या स्लॉटमध्ये बसवणार? कंपनी कोणती, हीटसिंक आहे का, लाइट लागतात का, हे सगळं नंतर.

माझ्या पीसीत रायझन ५ ५६००जी प्रोसेसर, बी४५० बोर्ड, रॅमचे चार स्लॉट, त्यात ३२०० स्पीडची ८ जीबीची एकच स्टिक. वेगळं ग्राफिक्स कार्ड नाही. घरून डीटीपी करतो: लग्नपत्रिका, मंडळांची पावतीपुस्तकं, फ्लेक्स, आणि पावसाळा लागला की दिवाळी अंकाची पानं. ८ मधले २ जीबी ग्राफिक्ससाठीच राखीव, विंडोजला उरते ५.९. इनडिझाइनसोबत फोटोशॉप उघडलं की ते डिस्कवर लिहीत बसायचं आणि काम खोळंबायचं. म्हणून मुंबईतल्या लॅमिंग्टन रोडवरच्या कॉम्प्युटर बाजारातून त्याच कंपनीची, त्याच स्पीडची दुसरी ८ जीबी घेतली आणि दुकानातच बसवून घेतली.

सुरुवातीचे काही महिने विचारणाऱ्यांना सांगायचो की पैसे वाया गेले नाहीत, पण फार अपेक्षा ठेवू नका. खोळंबा थांबला, हे खरं. मोठा फ्लेक्स झूम केला की चित्र मात्र पूर्वीसारखंच तुकड्यातुकड्यांनी उमटायचं. ते मत आता पूर्ण बदललंय.

जुलैत ऐन कामात पीसी सुरूच होईना. पंखे फिरतायत, स्क्रीन काळी. घरी आलेल्या सर्व्हिसवाल्याने कॅबिनेट न उघडताच ‘बोर्ड गेला’ असा निकाल दिला आणि नव्या बोर्डाचा भाव सांगितला. एवढ्या तपासणीवर हजारो रुपये? ‘आधी रॅम काढून बघा’ म्हटलं, तर ऐकायलाच तयार नाही. व्हिजिटचे पैसे दिले आणि त्याला वाटेला लावलं.

मुंबईच्या दमट हवेत रॅमच्या सोनेरी पट्ट्यांवर थर धरतो. वायर काढली, पॉवरचं बटण दाबून धरून उरलासुरला करंट घालवला, कॅबिनेटच्या पत्र्याला हात लावला, दोन्ही स्टिक काढून पट्ट्या साध्या खोडरबराने पुसल्या. बोर्डाला काहीही झालेलं नव्हतं.

पण स्टिक काढताना लक्षात आलं की दोन्ही शेजारीशेजारी बसवल्या होत्या, प्रोसेसरकडून पहिल्या आणि दुसऱ्या स्लॉटमध्ये. म्हणजे प्रोसेसर आणि रॅममधल्या दोन वाटांपैकी एकाच वाटेवर, एकाच चॅनलवर! बोर्डाच्या मॅन्युअलमध्ये स्पष्ट छापलंय, दोन स्टिक असतील तर ए२ आणि बी२, म्हणजे दुसरा आणि चौथा. ३२०० ला एका चॅनलची मर्यादा सेकंदाला २५.६ जीबी, दोन्ही चालले की ५१.२. ५६००जी मधल्या ग्राफिक्सला स्वतःची मेमरीच नाही, त्याचं सगळं याच वाटेने जातं. आणि विंडोज अवाक्षर काढत नाही. १६ जीबी दाखवतं, टास्क मॅनेजर ‘४ पैकी २ स्लॉट’ सांगतो, माणूस निर्धास्त. हाच ज्याचा धंदा, त्याने पूर्ण पैसे घेऊन अर्धा रस्ता बंद ठेवावा, याची चीड अजून गेलेली नाही.

एक स्टिक चौथ्या स्लॉटमध्ये, खटका वाजेपर्यंत दाबली. बायोसमध्ये एक्सएमपी, म्हणजे रॅम तिच्या पूर्ण स्पीडवर चालवणारं सेटिंग, चालू आहे ना, तेही बघून घेतलं. तोच फ्लेक्स, तोच झूम, आणि चित्र सलग! एक रुपयाही न घालता. दिवाळी अंकाची पानं त्यानंतर ज्या वेगाने निघाली, त्याने मन खरंच प्रसन्न झालं.

मध्ये भाच्याने जुन्या पीसीतल्या ४ जीबीच्या दोन स्टिक आणून दिल्या, २४०० च्या. फुकटच्या होत्या, म्हणून लावल्या. बेरीज २४ झाली, पण सगळ्याच २४०० वर उतरल्या आणि फ्लेक्स पुन्हा जड. परत दिल्या. माझ्या कामाला वेगाच्या १६ बऱ्या.

३२ चा विचार सध्या बाजूला ठेवलाय. २०२५ मध्ये मोठ्या कंपन्या माझ्या बोर्डाला लागणाऱ्या डीडीआर४ रॅमचं उत्पादन आवरतं घ्यायला लागल्या आणि भाव चढले; या भावात नाही घेणार. घेईन तेव्हा १६-१६ ची जोडीच.

तुम्ही दुकानात बसवून घेणार असाल तर पैसे देण्याआधी, कॅबिनेट उघडं असतानाच स्लॉट मोजा. मग पीसी सुरू करायला लावून सीपीयू-झेड या फुकट सॉफ्टवेअरच्या मेमरी टॅबमध्ये चॅनलसमोर ‘ड्युअल’, नव्या आवृत्तीत ‘२ × ६४-बिट’, दिसतंय का बघा. नसेल तर तिथल्या तिथे स्टिक हलवून घ्या, मिनिटभराचं काम आहे.