डब्ल्यू अँड ओडी ट्रेल : रूळ गेले, पट्टा राहिला

उत्तर व्हर्जिनियात मुलांकडे सहा महिन्यांसाठी येणाऱ्या मराठी आईवडिलांना पहिल्याच आठवड्यात प्रश्न पडतो की सकाळी फिरायला जावे कुठे, आणि मुक्काम अ‍ॅशबर्न, हर्नडन किंवा रेस्टनला असेल तर जो तो एकच नाव सांगतो : डब्ल्यू अँड ओडी ट्रेल. वॉशिंग्टन अँड ओल्ड डोमिनियन या बंद पडलेल्या रेल्वेच्या जमिनीवरची ही डांबरी वाट आर्लिंग्टनमधील शर्लिंग्टनपासून पर्सेलव्हिलपर्यंत सलग ४५ मैल, म्हणजे सुमारे ७२ किलोमीटर जाते. या मुक्कामात तिचा बराचसा भाग मी पायी आणि थोडा सायकलवर पाहिला.

सार्वजनिक पैशातून येथे नेमके काय विकत घेतले गेले, हे कळल्याशिवाय या वाटेचे मोल कळत नाही. १८६० साली लीसबर्गपर्यंत पोहोचलेल्या या रेल्वेची प्रवासी वाहतूक १९५१ मध्ये थांबली आणि १९६८ मध्ये मार्गच बंद झाला. आर्लिंग्टनमधील काही जमीन महामार्ग विभागाकडे गेली. आज त्यावरून आय-६६ हा महामार्ग धावतो. उरलेला पट्टा वीज कंपनीने तारांसाठी घेतला, आणि त्यामुळेच तो तुकड्यातुकड्यांनी विकला गेला नाही. १९७४ साली फॉल्स चर्च येथे दीडेक मैलाची वाट प्रयोग म्हणून खुली झाली. ती लोकांना इतकी आवडली की प्रादेशिक उद्यान प्राधिकरणाने १९७८ ते १९८२ या काळात ३६ लाख डॉलर मोजून अख्खा पट्टा कंपनीकडून खरेदी केला. तारांचा हक्क कंपनीने राखून ठेवला. १९८८ मध्ये वाट पर्सेलव्हिलला पोहोचली. हिशेब केला तर मैलाला साधारण ऐंशी हजार डॉलर पडले. डांबर कधीही घालता येते. पण शंभर फूट रुंदीची सलग जमीन एकदा शंभर मालकांच्या नावे झाली की ती परत जुळवणे कोणत्याही सरकारला परवडणारे नाही. माझ्या मते या खर्चाचा खरा माल डांबराखालची ती अखंड पट्टीच आहे.

चालताना ती रेल्वेची आहे हे पायांना सतत जाणवते. चढ आहे, पण दम लागत नाही, कारण तो इंजिनाला झेपेल अशा बेताने काढलेला आहे. सखल भागात भराव, उंचवट्यावर कटिंग, आणि वळणे इतकी लांब की आपण वळलो हे मागे पाहिल्यावरच समजते. हर्नडनचे जुने स्थानक जागेवर जपले आहे आणि जवळच गार्डचा लाल डबा उभा आहे. कडेला मैलांचे खांब आहेत, त्यामुळे आज किती चाललो याबद्दल घरी थाप मारता येत नाही. व्हिएन्ना या इथल्याच गावापासून पर्सेलव्हिलपर्यंत सुमारे ३२ मैल घोड्यांसाठी खडीची वेगळी वाटही सोबत करते. ज्यांचे गुडघे कुरकुरतात त्यांनी शक्य तेथे डांबर सोडून तीच धरावी.

उणिवाही आहेत. अ‍ॅशबर्नच्या बाजूला उच्चदाबाच्या तारांखाली सावली फारच थोडी मिळते. दमट सकाळी त्या तारांची चरचर डोक्यावर सतत ऐकू येते, आणि डेटा सेंटरच्या बिनखिडक्यांच्या भिंती पाहत चालण्यात फारसा आनंद नाही. मोठ्या रस्त्यांवर काही ठिकाणी पूल आहेत, पण अनेक ठिकाणी वाट रस्त्याला समपातळीवरच छेदते, आणि तेथे जुन्या फाटकाची आठवण व्हावी इतके थांबावे लागते. सर्वांत मोठी अडचण मात्र सुटीच्या दिवशीच्या वेगवान सायकलींची आहे. मागून ‘ऑन युअर लेफ्ट’ अशी आरोळी आली, मी ‘लेफ्ट’ एवढेच ऐकून तत्परतेने डावीकडे सरकलो, आणि सायकलस्वार गवतात गेला. तो डावीकडून पुढे जाणार, म्हणून आपण उजवी बाजू सोडायची नसते, हे जावयाने संध्याकाळी समजावले. फॉल्स चर्चमध्ये सव्वा मैलाच्या आसपास पादचारी आणि सायकली यांच्यासाठी सार्वजनिक निधीतून दोन स्वतंत्र वाटा केल्या आहेत. पुढचा पैसा नव्या सजावटीऐवजी अशा विभागणीवर खर्च व्हावा. सायकल भाड्याने घेणाऱ्यांनी ब्रेक दुकानातच तपासावेत. मला मिळालेल्या सायकलीचा मागचा ब्रेक नावालाच होता आणि त्यात वाटेचा काही दोष नव्हता.

अशा वाटेबद्दल ‘रेल्वेमार्ग जपला’ असे म्हटले जाते, तो शब्दप्रयोग मात्र मला अर्धाच पटतो. ज्या कायद्यान्वये अमेरिकेत असे मार्ग भविष्यातील रेल्वेसाठी राखून तूर्त वाट म्हणून वापरता येतात, ती तरतूद १९८३ सालची आहे. ही रेल्वे त्याच्या पंधरा वर्षे आधीच संपली होती. रेल्वे परत आली तीही या पट्ट्यावर नाही : २०२२ साली मेट्रोची सिल्व्हर लाइन अ‍ॅशबर्नला पोहोचली ती दुसऱ्याच जमिनीवरून. तरीही यवतमाळ–मूर्तिजापूर–अचलपूर या आमच्या ‘शकुंतला’ नावाच्या नॅरोगेज रेल्वेच्या रुळांत वाढलेले गवत पाहून आलेल्या माणसाला येथे जमीन तरी शाबूत राहिली याचे अप्रूप वाटतेच. आमच्याकडे लोकांची मागणी ब्रॉडगेजची आहे आणि ती रास्त आहे; परंतु निर्णय होईपर्यंत तो पट्टा अखंड राहील याची तजवीज कोण करणार, हा प्रश्न मी रोज हर्नडनच्या त्या लाल डब्यापाशी पाणी पिताना स्वतःला विचारत असे.

प्रथमच जाणाऱ्यांनी व्हिएन्ना ते हर्नडन हा सुमारे आठ मैलांचा टप्पा निवडावा. या टप्प्याच्या पहिल्या भागात झाडी चांगली आहे, आणि दमलात तर रेस्टनला वाटेपासून जवळच मेट्रोचे स्थानक आहे. प्रवेशशुल्क नाही. शनिवारी किंवा रविवारी जायचे असेल तर सायकलींची गर्दी होण्याआधी, भल्या सकाळी निघावे, आणि उजवी बाजू सोडू नये.